घर कुणाचं, वही कुणाची? मालकी हक्क आणि कॉपीराईटबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भांडुपच्या आमच्या सोसायटीत मी बरीच वर्षं सेक्रेटरी होतो, त्यामुळे रविवारी सकाळी दार वाजलं की समजायचं कुणीतरी फाईल घेऊन आलंय. मी वकील नाही. पण माझे बाबा लालबागच्या गिरणीत कामाला होते आणि रात्री घरी येऊन एकांकिका लिहायचे, २०१४ साली ते गेले तेव्हा मागे दोन गोष्टी राहिल्या, एक फ्लॅट आणि एक पत्र्याची ट्रंक, ट्रंकेत अकरा वह्या. या दोन्हींवरून आमच्या घरात जे काही झालं त्यातून मी हे सगळं शिकलो, कागद वाचले, वकिलांकडे बसलो, रजिस्ट्रार ऑफिसच्या चकरा मारल्या. एक गोष्ट पक्की कळली की वस्तू आपल्या ताब्यात असणं वेगळं आणि तिच्यावरचा हक्क आपला असणं वेगळं, घराचंही तसंच आणि वहीचंही तसंच. लोक मला जे विचारतात ते जसंच्या तसं खाली घेतलंय. आपल्या केसमध्ये सही करायच्या आधी वकिलाला कागद दाखवाच.

दादा, वडिलांनी सोसायटीत मला नॉमिनी केलंय, म्हणजे फ्लॅट माझाच ना?

नाही. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा आलाय आणि सगळ्यात जास्त घरं याच गैरसमजावरून फुटलेली बघितलीत. नॉमिनी म्हणजे सभासद गेल्यावर सोसायटीने कुणाशी व्यवहार करायचा तो माणूस, मेंटेनन्स कुणाकडून घ्यायचा, नोटीस कुणाला द्यायची, एवढंच. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात २०१९ साली जे नवीन कलम आलं, १५४ब-१३, त्यात तर स्पष्टच लिहिलंय की खरे वारस सभासद होईपर्यंत नॉमिनीला प्रोव्हिजनल मेंबर म्हणून घ्यायचं. प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता. विम्याच्या नॉमिनीबद्दल सुप्रीम कोर्टाने १९८३ मध्येच हे सांगितलं होतं आणि कंपनीच्या शेअर्सबद्दल डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा सांगितलं, की नॉमिनेशनने वारसा हक्क बदलत नाही.

आमच्याकडे नॉमिनी मोठा भाऊ होता. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, त्याला खरंच वाटत होतं की बाबांनी फॉर्मवर त्याचं नाव लिहिलं म्हणजे घर त्याला दिलं, आणि आम्हाला वाटत होतं की तो घर गिळायला बसलाय. दोन वर्षं दिवाळीला एकमेकांकडे गेलो नाही. एका फॉर्मचा अर्थ कुणी नीट सांगितला असता तर ती दोन वर्षं वाचली असती म्हणून मी हे प्रत्येकाला पहिलं सांगतो.

मग घर नक्की कुणाला मिळतं?

मृत्युपत्र असेल तर त्यात लिहिलंय त्याला. नसेल तर वारसांना. हिंदू वारसा कायद्याने पुरुषाच्या स्वतःच्या कमाईच्या मालमत्तेत बायको, मुलगे, मुली आणि आई यांचा सारखा हिस्सा असतो. वडील या पहिल्या वर्गात येत नाहीत, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. आमच्यात आजी आधीच गेलेली, त्यामुळे आई, दादा, ताई आणि मी, चार सारखे भाग. मुस्लिम, ख्रिश्चन, पारशी घरात नियम वेगळे आहेत.

शेवटी आम्ही तिघा भावंडांनी आईच्या नावाने हक्कसोड पत्र केलं. ते साध्या स्टॅम्प पेपरवर नोटरी करून चालत नाही, रजिस्टर करावं लागतं. बरेच लोक घरातल्या घरात लिहून ठेवतात आणि दहा वर्षांनी फ्लॅट विकायला निघाले की बँकेचा वकील तो कागद बाजूला सारतो.

बहिणीचं लग्न झालंय, दागिने दिलेत, तरी तिला हिस्सा?

हो. लग्नाने हिस्सा जात नाही. वडिलांच्या स्वतःच्या मालमत्तेत मुलगी १९५६ पासूनच वारस आहे. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने ती मुलासारखीच जन्मापासून हक्कदार झाली, आणि वडील त्या तारखेला हयात असायलाच हवेत असं नाही हे सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये मिटवून टाकलं. ताईला सही मागायला जाताना निदान हे माहीत असू दे. तिने सोडलं तर ते तिचं मोठं मन, आपला अधिकार नव्हे.

आम्ही रूम पॉवर ऑफ अॅटर्नीवर घेतलीय, नोटरी आहे, पैसे पूर्ण दिलेत. मालकी झाली का?

झाली नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा आहे, त्यात शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची स्थावर मालमत्ता विकायची तर रजिस्टर केलेला दस्त लागतो. शंभर रुपयांची मर्यादा तेव्हापासून तीच आहे, म्हणजे आजच्या मुंबईत एकही घर तिच्या बाहेर नाही. पॉवर ऑफ अॅटर्नी म्हणजे माझ्या वतीने तू सही कर एवढी परवानगी, ती विक्री नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये खणखणीत सांगितलं. देणारा माणूस गेला की साधी पॉवर ऑफ अॅटर्नी संपते. ज्यांनी असं घेतलंय त्यांनी विकणारा हयात आहे, सापडतोय, तोपर्यंत स्टॅम्प ड्युटी भरून दस्त करून घ्यावा. सही केल्यापासून चार महिन्यांत दस्त रजिस्ट्रेशनला नेला पाहिजे, त्यानंतर आणखी चार महिने दंड भरून मिळतात.

ड्युटी मुंबईत साधारण ६ टक्के पडते, त्यात मेट्रोचा १ टक्का आला, बाईच्या नावावर राहतं घर घेतलं तर एक टक्का सूट, आणि रजिस्ट्रेशन फी १ टक्का पण जास्तीत जास्त ३०,००० रुपये. पैसे वाचवायला म्हणून लोक नोटरीवर थांबतात, आणि मग आयुष्यभराची कमाई नोटरीच्या शिक्क्यावर लटकत राहते.

लाईट बिल, महापालिकेचं टॅक्स बिल, शेअर सर्टिफिकेट सगळं माझ्या नावावर आहे की!

चांगलं आहे, जपून ठेवा, पण लाईट बिल आणि टॅक्स बिल म्हणजे मालकीचा पुरावा नाही, पैसे कोण भरतं त्याचा पुरावा आहे. शेअर सर्टिफिकेट तुम्ही सोसायटीचे सभासद आहात हे सांगतं. मालकी सांगतो तो रजिस्टर्ड दस्त आणि त्याचा इंडेक्स टू, म्हणजे रजिस्ट्रार ऑफिसातला त्या दस्ताच्या नोंदीचा उतारा, आणि एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला विकलं असेल तर मधले सगळे दस्त, ज्याला एजंट लोक चेन म्हणतात. चेनमधला एक जरी कागद गहाळ असेल तर लोनच्या वेळी अडकतं. बायंडिंग करून ठेवा आणि लॅमिनेशन अजिबात करू नका, मूळ दस्त तपासताना त्रास होतो.

आणि हो, फ्लॅट विकताना सोसायटीने ट्रान्सफर प्रीमियम मागितला तर मुंबईत त्याची कमाल मर्यादा २५,००० रुपये आहे, २००१ च्या सरकारी परिपत्रकाने. डोनेशन, डेव्हलपमेंट फंड असं नाव बदलून जास्त घेता येत नाही. मी सेक्रेटरी असताना यावरून कमिटीत शिव्या खाल्ल्यात पण एक रुपया जास्त घेऊ दिला नाही.

फ्लॅट आमचे आहेत, मग जमीन कुणाची? कन्व्हेयन्स म्हणजे काय?

हा प्रश्न लोक फार उशिरा विचारतात, रिडेव्हलपमेंटची मीटिंग लागली की. तीस-पस्तीस वर्षं राहतात, गणपती बसवतात, पाण्याच्या टाक्या साफ करतात, आणि मग कळतं की बिल्डिंग ज्या जमिनीवर उभी आहे तिच्या प्रॉपर्टी कार्डावर, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीच्या उताऱ्यावर, अजून जुन्या जमीनमालकाचं नाव आहे. तुमचं अॅग्रीमेंट फ्लॅटचं असतं, जमीन आणि बिल्डिंग सोसायटीच्या नावावर करून द्यायचा जो वेगळा दस्त, तो कन्व्हेयन्स. मोफा, म्हणजे १९६३ चा महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट कायदा, त्याच्या नियमांप्रमाणे सोसायटी रजिस्टर झाल्यापासून चार महिन्यांत बिल्डरने तो करून द्यायचा असतो. किती जणांनी दिला ते आपल्या आजूबाजूला बघा.

का देत नाहीत? कारण जमीन ज्याच्या नावावर, वाढीव एफएसआय, म्हणजे त्या जमिनीवर जास्तीचं बांधकाम करायची परवानगी, आला की बोलायचा अधिकार त्याचा. तुम्ही भिंतींचे मालक आणि तो खालच्या मातीचा, आणि मुंबईत किंमत मातीलाच आहे.

उपाय आहे, डीम्ड कन्व्हेयन्स, म्हणजे बिल्डर देत नसेल तर सरकारी अधिकाऱ्याकडून मिळवायचा कन्व्हेयन्स. सोसायटीने जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करायचा, सोबत सोसायटीचं रजिस्ट्रेशन, सभासदांची यादी, अॅग्रीमेंट आणि इंडेक्स टू, मंजूर प्लॅन, प्रॉपर्टी कार्ड. शहरात म्हणजे कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत जमिनीला सी.एस. नंबर असतो आणि उपनगरात सी.टी.एस. नंबर, हा नंबर अॅग्रीमेंटमधल्या नंबरशी जुळतो का ते आधी बघा, आमच्यात एक आकडा चुकलेला होता आणि त्यात आठ महिने गेले. उपनिबंधक बिल्डरला नोटीस काढतात, त्याचं ऐकतात, तो आला नाही तरी काम थांबत नाही, त्याच्या एनओसीची गरज नाही. सर्टिफिकेट मिळालं की स्टॅम्प ऑफिस, मग सब-रजिस्ट्रार, मग सिटी सर्व्हे ऑफिसमध्ये प्रॉपर्टी कार्डावर सोसायटीचं नाव. हे शेवटचं पाऊल लोक विसरतात, सर्टिफिकेटला फ्रेम करून ऑफिसात लावतात आणि कार्डावर जुनंच नाव राहतं. आमच्या कार्डावर सोसायटीचं नाव लागलं त्या दिवशी आमच्या बिल्डिंगमधल्या सगळ्यात वयस्कर काकूंनी कमिटीला साखर वाटली, त्यांचे मिस्टर याची वाट बघत गेले होते.

२०१७ नंतरच्या रेराच्या, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या नवीन कायद्याखालच्या, बिल्डिंगमध्ये ओसी, म्हणजे राहायला जायची परवानगी, मिळाल्यापासून तीन महिन्यांची मुदत कायद्यात दिलीय. नवीन फ्लॅटवाल्यांनी पहिल्या दिवसापासून मागे लागावं.

आमची पागडीची रूम आहे. आजोबांपासून राहतोय. आम्ही मालक की भाडेकरू?

भाडेकरू. पण साधे नाही, संरक्षण असलेले. पागडी, म्हणजे जागा घेताना एकदम दिलेली रक्कम, देऊन जे मिळतं ते भाडेपणाचा हक्क, मालकी नव्हे. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि त्याने पागडीच्या व्यवहाराला कायदेशीर जागा दिली. भाडेकरू गेला की त्याच्यासोबत त्या जागेत राहणाऱ्या घरच्या माणसाला भाडेपण मिळतं. ‘सोबत राहणाऱ्या’ हे शब्द महत्त्वाचे. म्हणून आपल्या मनाला येईल त्याला मृत्युपत्राने पागडीची रूम देता येत नाही, सुप्रीम कोर्टाने जुन्या भाडे कायद्याखाली हे सांगून ठेवलंय. आमची लालबागची रूम अशीच काकांकडे राहिली, बाबा भांडुपला आले आणि काका आजीसोबत तिथेच राहिले. त्यात अन्याय काही नाही, आजीचं सगळं त्यांनीच केलं.

भाडेपावती ज्याच्या नावावर आहे तो गेला असेल तर लगेच मालकाकडे पावती बदलून मागा, आणि लेखी मागा.

बारा वर्षं राहिला की भाडेकरू मालक होतो म्हणे?

खोटं आहे. बारा वर्षांचा नियम आहे तो मालकाच्या विरुद्ध, उघडपणे, ही जागा माझीच आहे असं म्हणून ताबा ठेवणाऱ्यासाठी. तुम्ही स्वतः भाड्याने दिलीत, तो तुमच्या परवानगीने राहतोय, तर पन्नास वर्षं झाली तरी मालक होत नाही. पण लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी जागा वापरायला देण्याचा करार, लेखी आणि रजिस्टर करणं ही घरमालकाची जबाबदारी आहे, केलं नाही तर भांडण झाल्यावर भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात.

गच्ची टॉप फ्लोअरवाल्याची असते का? आणि पार्किंग?

गच्ची सगळ्यांची. पार्किंगबद्दल सुप्रीम कोर्टाचा २०१० चा निकाल आपल्या दहिसरच्याच एका सोसायटीचा आहे, त्यात ठरलं की स्टिल्टमधलं, म्हणजे बिल्डिंगखाली खांबांमध्ये सोडलेल्या जागेतलं, पार्किंग बिल्डर फ्लॅटसारखं वेगळं विकू शकत नाही, ते सोसायटीचं. रेराच्या प्रोजेक्टमध्ये कव्हर्ड पार्किंग अॅग्रीमेंटमध्ये लिहून विकता येतं, उघडं नाही.

आता वहीकडे. लिहिलेलं आपलं व्हायला कॉपीराईट रजिस्टर करावाच लागतो का?

नाही. घराच्या अगदी उलट आहे हे. घर रजिस्टर केल्याशिवाय तुमचं होत नाही, आणि कविता, नाटक, चाल, चित्र, फोटो कागदावर किंवा फोनमध्ये उतरलं त्याच क्षणी तुमचं होतं. १९५७ चा कॉपीराईट कायदा आहे, रजिस्ट्रेशन ऐच्छिक आहे, मुंबई हायकोर्टाने २०२१ मध्ये पुन्हा तेच सांगितलं. पण केलं तर पुरावा हाताशी राहतो, साहित्य किंवा नाटकासाठी सरकारी फी ५०० रुपये आहे, ऑनलाईन होतं, अर्ज केल्यावर तीस दिवस हरकतीसाठी थांबतात. सिनेमा-सिरीयलसाठी लिहिणारी मुलं अंधेरीच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये स्क्रिप्ट नोंदवतात, त्याने तारखेचा पुरावा मिळतो.

नाटकवाल्या मित्रांनो, रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं सर्टिफिकेट म्हणजे कॉपीराईट नव्हे. ते प्रयोग करायची परवानगी देतं, नाटक कुणाचं आहे हे ठरवत नाही. माझ्या बाबांनाही आयुष्यभर वाटायचं की त्या शिक्क्याने एकांकिका त्यांची झाली. ती त्याच्या आधीच त्यांची झाली होती, गिरणीतून आल्यावर कंदिलाशेजारी बसून लिहिली तेव्हाच.

माझी कल्पना चोरली! नाटकाचं नाव पण तेच ठेवलं!

नुसत्या कल्पनेवर हक्क नसतो, ती ज्या शब्दांत, प्रसंगांत, मांडणीत उतरवली त्यावर असतो. १९७८ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, तोही एका नाटकावरून सिनेमा केल्याच्या तक्रारीचाच. ‘दोन भाऊ एका खोलीसाठी भांडतात’ ही कल्पना लालबाग-परळमध्ये कुणाचीही असू शकते. पण तुमचे प्रसंग त्याच क्रमाने, तेच संवाद, तोच शेवट आला तर ती नक्कल. नुसत्या नावावरही कॉपीराईट मिळत नाही, हे २०१५ मध्ये ठरलंय.

बाबांच्या वह्या माझ्याकडे आहेत म्हणजे कॉपीराईट माझा?

इथेच आमचं दुसरं भांडण झालं. ट्रंक माझ्याकडे होती, म्हणून मला वाटायचं एकांकिका माझ्या. म्हणजे दादाने फ्लॅटचं जे केलं तेच मी वह्यांचं करत होतो आणि मला ते दिसत नव्हतं. ताईने दाखवलं. कागद आणि शाई माझ्या कपाटात होती, हक्क चौघांचा होता, घरासारखाच.

एक अपवाद लक्षात ठेवा. लेखकाने मृत्युपत्रात हस्तलिखित कुणाला दिलं आणि ते लिखाण तोवर प्रसिद्ध झालेलं नसेल, तर वेगळं काही लिहिलं नसल्यास कॉपीराईटही त्यालाच दिला असं धरतात, कलम २०. आमच्याकडे मृत्युपत्रच नव्हतं.

चौघांचा हक्क असला की एकट्याने परस्पर परवानगी देऊ नये. आम्ही एक कागद केला की परवानगीची पत्रं ताई बघेल, ती शिक्षिका आहे आणि नाटकातलं तिला जास्त कळतं, आणि येतील ते पैसे आईचे.

कॉपीराईट किती वर्षं टिकतो?

लेखक गेल्यानंतरच्या वर्षाच्या सुरुवातीपासून मोजून ६० वर्षं. आधी ५० होती, १९९२ मध्ये रवींद्रनाथ ठाकुरांचं लिखाण खुलं व्हायची वेळ आली तेव्हा दहा वाढवली. राम गणेश गडकरी १९१९ ला गेले, ते कधीच खुले. साने गुरुजी १९५० ला गेले, २०११ पासून खुले. अत्रे १९६९ ला गेले, त्यांचं २०२९ च्या अखेरपर्यंत वारसांचं. माझ्या बाबांचं २०७४ च्या ३१ डिसेंबरपर्यंत, तेव्हा माझी नातवंडं असतील. सिनेमा आणि ध्वनिमुद्रणाला प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं. फोटोलाही आधी तसंच होतं, २०१२ पासून तो फोटोग्राफरच्या हयातीनंतर ६० वर्षं झाला.

आमची एकांकिका कुणीतरी न विचारता केली, काय करायचं?

आमच्यासोबत हे झालंय म्हणून सविस्तर सांगतो. बाबांची एक एकांकिका, कामगार कल्याणच्या स्पर्धेसाठी लिहिलेली, ती एका ग्रुपने तिकीट लावून केली, लेखकाचं नाव नाही, शेवट बदललेला, बापाचं पात्र दारूडं केलेलं. बाबांनी ते पात्र स्वतःच्या बापावरून लिहिलं होतं आणि आजोबा दारूला शिवले नव्हते. आई प्रयोगाला बसली होती. ती काही बोलली नाही, घरी येऊन जेवली नाही. मी त्यांना भेटलो तर म्हणाले, झेरॉक्स तुमच्याच भावाने दिलीय की. खरं होतं, दादाने वाचायला म्हणून दिली होती. पण झेरॉक्स देणं म्हणजे परवानगी नव्हे. प्रयोगाची परवानगी लेखी लागते.

दोन वेगळ्या गोष्टी आहेत इथे. एक, प्रयोगाचा हक्क, म्हणजे पैशाचा. दुसरी, कलम ५७, म्हणजे लेखकाचं नाव लावण्याचा आणि त्याच्या लिखाणाची मोडतोड करून त्याची बदनामी होऊ न देण्याचा हक्क. हा दुसरा हक्क कॉपीराईट विकला तरी लेखकाकडेच राहतो, आणि तो गेल्यावर वारस तो बजावू शकतात. आम्हाला पैशापेक्षा तोच हवा होता.

आम्ही आधी जुने कागद काढले, स्पर्धेचं पत्रक, बाबांच्या हस्ताक्षरातली वही, एक पिवळी पडलेली बातमी. मग वकिलामार्फत नोटीस पाठवली की प्रयोग थांबवा, नाव लावा, मूळ शेवट ठेवा. नोटिशीनंतर ते भेटायला आले, तरुण पोरं होती, त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं. पुढचे प्रयोग मूळ संहितेप्रमाणे झाले, बाबांचं नाव अनाऊन्स झालं, ठरलेलं मानधन आईच्या खात्यात आलं. आई दुसऱ्यांदा बघायला गेली.

ते ऐकले नसते तर कोर्टात दावा करता आला असता, आणि कॉपीराईटमध्ये आपण जिथे राहतो तिथल्या कोर्टात दावा लावायची सोय आहे, समोरच्याच्या गावी जावं लागत नाही. तीन वर्षांच्या आत. पोलीस तक्रारही होते, मुद्दाम केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे, आणि २०२२ च्या निकालाने तो दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा आहे. पण वीस वर्षांच्या पोरांवर ते हत्यार आधी उचलू नका असं मी कळकळीने सांगेन.

उलट बाजूही सांगतो. हौशी मंडळाने फुकट प्रेक्षकांसमोर किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी प्रयोग केला तर तो उल्लंघनात येत नाही. नाव मात्र लावा, विचारून केलंत तर लेखक स्वतः बघायला येईल.

प्रोड्युसर म्हणतो ‘सर्व हक्क कायमचे’ लिहून दे. देऊ का?

वाचून द्या. हक्क एक नसतो, छापायचा वेगळा, प्रयोगाचा वेगळा, भाषांतराचा वेगळा, सिनेमाचा वेगळा. जो विकताय तेवढाच लिहा, किती वर्षं, कुठल्या प्रदेशात, किती पैसे. असा करार लेखी आणि सहीचाच लागतो. मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. हक्क घेऊन एक वर्ष वापरला नाही तर, उलट काही लिहिलं नसल्यास, तो परत येतो. सिनेमासाठी गाणी लिहिणाऱ्या आणि चाली बांधणाऱ्यांना २०१२ च्या दुरुस्तीने थिएटरबाहेरच्या वापरावर रॉयल्टीचा जो वाटा मिळाला तो करारात लिहून काढून घेता येत नाही. जावेद अख्तर यासाठी राज्यसभेत लढले. आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सभासद व्हा, फॉर्म भरा, आळस करू नका.

नोकरीत केलेलं काम कुणाचं? आणि लग्नाचे फोटो?

नोकरीचा भाग म्हणून केलेलं, वेगळा करार नसेल तर कंपनीचं. रात्री घरी स्वतःसाठी लिहिलेलं तुमचं. लग्नाच्या फोटोंचं उत्तर ऐकून फोटोग्राफर मित्र माझ्यावर रागावतात, पण पैसे देऊन सांगून काढून घेतलेले फोटो, उलट करार नसेल तर, पैसे देणाऱ्याचे. मात्र रॉ फाईल द्यायच्या की नाही हे ठरवून घ्यावं लागतं.

प्रदर्शनातून चित्र विकत घेतलं, त्याचं कॅलेंडर छापू का?

नाही. जहांगीर आर्ट गॅलरीतून घेतलेलं चित्र भिंतीवर लावा, विका, भेट द्या, पण त्याच्या प्रती काढायचा हक्क चित्रकाराचाच. आणि मूळ चित्र १०,००० रुपयांच्या वर पुन्हा विकलं गेलं तर त्यात चित्रकाराला किंवा वारसांना जास्तीत जास्त १० टक्के वाटा मागता येतो, हे फार कमी चित्रकारांना माहितीय. बिल्डिंगचं मात्र उलटं. दिल्लीचा हॉल ऑफ नेशन्स २०१७ मध्ये पाडला, आर्किटेक्ट राज रेवाल कोर्टात गेले आणि २०१९ मध्ये हायकोर्टाने सांगितलं की जागेच्या मालकाला इमारत पाडण्यापासून आर्किटेक्ट अडवू शकत नाही. त्यामुळे रिडेव्हलपमेंटला जुन्या आर्किटेक्टची परवानगी लागते का, तर पाडायला लागत नाही.

मंडळात, सोसायटीत गाणी लावायला लायसन्स लागतं?

पूजा, आरती, लग्नाची वरात याला कायद्यात सूट आहे. सोसायटीच्या हॉलमध्ये रहिवाशांसाठीच, नफ्याशिवाय गाणी लावली तरी चालतं. स्टेज, तिकीट, स्पॉन्सरचे बॅनर असलेला ऑर्केस्ट्रा असेल तर लायसन्स घ्या. आरतीचे शब्द रामदासांचे, ते सगळ्यांचे, पण एखाद्या कंपनीने केलेलं रेकॉर्डिंग त्या कंपनीचं, ते यूट्यूबवर चढवलं की क्लेम येणारच.

व्हॉट्सअॅपवर आलेली कविता पुढे पाठवू का?

कवीचं नाव ठेवून. नाव काढून ‘आवडली म्हणून’ पाठवू नका, आणि माहीत नसताना दुसऱ्याच मोठ्या कवीचं नाव तर अजिबात लावू नका.

मृत्युपत्रात घरासोबत वह्या, फोटो, चॅनल हे पण लिहायचं का?

लिहायचंच. साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प लागत नाही, रजिस्ट्रेशन ऐच्छिक आहे, सही दोन साक्षीदारांसमोर, आणि ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका. वस्तू आणि हक्क वेगवेगळे लिहा, ‘वह्या अमुकला, त्यातल्या लिखाणाचा कॉपीराईट अमुकला’. आईने मागच्या वर्षी तिचं केलं. फ्लॅट तिघांना सारखा. वह्यांची ट्रंक तिने माझ्याकडे ठेवली, एकांकिकांमधला तिचा हक्क ताईच्या मुलीला दिला, ती रुईया कॉलेजात एकांकिका करते आणि आजोबांच्या अकराही वह्या तिने टाईप करून घेतल्यात.